नेमाची प्रार्थना : जालना मुलखातील मराठी ख्रिस्ती उपासनेचा इतिहास

जालना आणि त्याच्या आग्नेयेला वाटूर, परतूर, मंठा या बाजूने पसरलेल्या मुलखात मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती प्रार्थनेची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. तिच्या इतिहासात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतात. प्रार्थना कोणत्या रूपात करायची, हा पहिला. एकदा पत्करलेला विश्वास दुष्काळात, आजारपणात आणि गावकीच्या रोषात कसा टिकवायचा, हा दुसरा. या मुलखात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी पहिल्यातच मिळाले. उपदेशकाच्या वक्तृत्वापेक्षा ठरलेली वेळ, पाठ झालेले भजन, घरातली रोजची बैठक आणि सोबत बसणारी चार माणसे यांनीच लोकांना विश्वासात टिकवून धरले.

मुलूख आणि त्याचे केंद्र

वाटूर हे परतूर तालुक्यातील गाव जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. वाटूर फाट्यावरून परतूरचा रस्ता फुटतो. दुधनेच्या खोऱ्यातली काळी जमीन, कापूस, ज्वारी आणि तूर ही या भागाची ओळख. 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. परतूर तालुका त्यानंतरही परभणी जिल्ह्यात होता. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा निर्माण झाला, तेव्हा तो त्यात आला.

आसपासच्या गावांसाठी बाजार, कचेरी आणि दवाखाना या सगळ्यांचे मोठे ठिकाण जालना. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण शहराच्या व्यापारी भरभराटीतून आली. एकोणिसाव्या शतकात येथे हैदराबादच्या फौजेची छावणीही होती. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे 1900 साली सुरू झाली. तिच्यावर जालना आणि परतूर ही दोन्ही स्थानके आली. तोवर गावोगाव फिरणाऱ्या प्रचारकाला बैलगाडी, घोडे किंवा आपले पाय एवढाच आधार होता. पावसाळ्यात काळ्या रानातून वाट काढणे अवघड, म्हणून दौरे बहुधा दिवाळीनंतर निघत. वर्षातले कित्येक महिने खेड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना पाळकाशिवायच राहावे लागे. प्रार्थना घरात, आपली आपण चालवण्याची सवय या भागात लागली, तिच्यामागे हे साधे भौगोलिक कारणही होते.

मराठी प्रार्थनेची पूर्वपीठिका

ख्रिस्ती प्रार्थना मराठीत आली ती जालन्याच्या कितीतरी आधी. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ सासष्टीच्या चर्चमध्ये रविवारी वाचला जाई. ज्यांना लॅटिन प्रार्थनेचा अर्थ कळत नव्हता, त्यांच्या कानांवर ख्रिस्तकथा ओवीच्या चालीत पडली. ऐकून पाठ होणारा छंद हे भक्ती टिकवण्याचे साधन आहे, ही गोष्ट स्टीफन्स यांनी महाराष्ट्राच्या पुराणपरंपरेतून नेमकी हेरली होती.

प्रोटेस्टंट मिशनांनी आधी गद्य छापले. विल्यम केरी यांच्या सेरामपूर छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान 1805 साली मराठीत निघाले. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 साली मुंबईत उतरले. त्यांच्या मिशनने 1826 पर्यंत संपूर्ण नवा करार मराठीत आणला आणि 1847 साली संपूर्ण बायबल मराठीत उपलब्ध झाले. 1842 साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक अहमदनगरहून निघू लागले. ख्रिस्ती मराठीची घडण पुढे कित्येक दशके त्याच्या पानांवर होत राहिली.

छापील शास्त्र हाती आले, तरी ते वाचणारे थोडे होते. 1901 च्या जनगणनेनुसार हैदराबाद संस्थानात शंभर माणसांमागे सुमारे तिघांनाच लिहितावाचता येत होते आणि बायकांत हे प्रमाण नगण्य होते. संस्थानच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. अशा मुलखात मराठी प्रार्थनेला पुस्तकापेक्षा पाठांतराचा आधार घेणे भाग होते.

नारायण शेषाद्री

जालन्याच्या कामाचा पाया घालणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुटुंबातले. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले. डॉ. जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट हे तिथले प्रमुख शिक्षक होते. विल्सन कॉलेजचा उगम याच शाळेत आहे. सप्टेंबर 1843 मध्ये शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये प्रस्थापित चर्चमधून मोठा गट बाहेर पडून फ्री चर्च स्थापन झाले होते आणि मुंबईचे हे मिशनरी फ्री चर्चच्या बाजूने उभे राहिले. जालन्याचे मिशन पुढे फ्री चर्चचे झाले ते या वाटेने.

शेषाद्रींच्या बाप्तिस्म्याने मुंबईत खळबळ उडाली. तिला आणखी एक निमित्त झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयीन मुलगा मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलाला वडिलांच्या ताब्यात देण्यात आले. मिशनऱ्यांच्या घरचे अन्न खाल्लेल्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावर ब्राह्मण समाजात मोठा वाद माजला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याची बाजू धरली. सनातन्यांनी कडाडून विरोध केला. मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात श्रीपत शेषाद्री प्रकरण जातीत परत घेण्याच्या या वादासाठी ओळखले जाते. ख्रिस्ती बाजूने पाहिले तर त्यातून दुसरी गोष्ट दिसते. बाप्तिस्मा हा त्या काळी घर, वारसा, पंगत आणि नाती एका दिवसात तोडणारा निर्णय होता. त्यामुळे विश्वासात टिकून राहणे हे प्रवचनातले वचन न उरता रोजच्या जगण्याचा प्रश्न झाला.

1850 च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला. पण तो कंपनीच्या मुलखापुरता होता, निजामाच्या राज्याला लागू नव्हता. जालन्याकडे आलेल्या ख्रिस्ती माणसाला कायद्याचे हे छत्रही नव्हते.

1854 साली शेषाद्रींना पाळकपणाची दीक्षा मिळाली. मुंबई-पुण्याच्या शाळांतून उच्चवर्णीय तरुण मिशनकडे येतील, ही विल्सन यांच्या पिढीची अपेक्षा होती आणि बाबा पदमनजींसारखी काही माणसे त्या वाटेने आलीही. शेषाद्रींनी 1860 च्या दशकात जालना परिसरात काम सुरू केले, तेव्हा मात्र प्रतिसाद प्रामुख्याने मांग समाजातून आला. इंग्रजी शाळेत घडलेला ब्राह्मण पाळक आणि गावकुसाबाहेरची मंडळी अशी ही जोडी त्या काळात विलक्षणच होती. प्रभुभोजनाच्या विधीत एका भाकरीचे तुकडे सगळ्यांना वाटले जात आणि एकच पेला हातोहात फिरे. पंगतीच्या नियमांवर उभ्या असलेल्या समाजात या एका कृतीने उपासनेचा अर्थ कोणत्याही प्रवचनापेक्षा लख्ख सांगितला.

बेथेल

जालन्याजवळ शेषाद्रींनी ख्रिस्ती कुटुंबांसाठी वसवलेले गाव म्हणजे बेथेल. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी त्यासाठी जमीन दिली. गावाचे नाव उत्पत्तीच्या पुस्तकातून घेतले होते. घर सोडून निघालेल्या याकोबाने धोंडा उशाशी घेऊन जिथे रात्र काढली आणि देवाला नवस केला, ते ठिकाण बेथेल. घरादाराला मुकलेल्या माणसांच्या वस्तीला हे नाव शोभणारे होते.

स्वतंत्र ख्रिस्ती गाव वसवण्यामागे व्यवहारी हिशोब होता. गावगाड्यात मांगांकडे दोर वळणे, केरसुण्या करणे आणि सणासमारंभात हलगी वाजवणे ही कामे होती. त्याबद्दल खळ्यावर बलुते मिळे. यातली हलगी देवळाच्या आणि जत्रेच्या विधींशी जोडलेली. ख्रिस्ती झालेल्या माणसाने ती वाजवायची की नाही, नाही म्हटले तर बलुते बंद झाल्यावर घर कशावर चालवायचे, हे प्रश्न मराठी मुलखातल्या सगळ्याच मिशनांपुढे उभे राहिले. बेथेलमध्ये कसायला जमीन, पाण्याला विहीर, मुलांना शाळा आणि मधोमध प्रार्थनामंदिर, अशी मांडणी झाली. पोट गावकीच्या हाती राहिले नाही, तर विश्वासावरचा दाब कमी होईल, हे त्यामागचे सूत्र.

या मांडणीची दुसरी बाजूही होती. वेगळ्या वस्तीतला ख्रिस्ती माणूस जुन्या गावापासून, सोयऱ्याधायऱ्यांपासून तुटला आणि मिशनवर अवलंबून राहू लागला. त्यामुळे ‘भाकरीसाठी ख्रिस्ती’ हा टोमणा त्याच्या मागे लागला. 1876-78 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मिशनांनी अन्नछत्रे, अनाथालये आणि मदतीची कामे चालवली, तेव्हा हा आक्षेप आणखी धारदार झाला. दुष्काळ सरल्यावर काही माणसे निघून गेली, काही राहिली. राहिलेल्यांच्या नातवंडा-पणतवंडांतून आजची मंडळी, म्हणजे इथला ख्रिस्ती उपासकसमूह, उभी आहे.

शेषाद्रींचे नाव परदेशातही गाजले. 1873 साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते पांढरा फेटा बांधून बोलायला उभे राहिले. 1891 साली त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या चर्चची नावे बदलत गेली. 1900 साली फ्री चर्चचे युनायटेड फ्री चर्च झाले आणि 1929 साली ते चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये विलीन झाले. जालन्याच्या मंडळीचा स्कॉटलंडशी असलेला धागा मात्र कायम राहिला.

पाठांतर आणि शिस्त

स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेने या मंडळीला दोन सवयी दिल्या. पहिली प्रश्नोत्तरीची. वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरी 107 प्रश्नांची आहे. देव कोण, पाप म्हणजे काय, प्रार्थना म्हणजे काय, असे प्रश्न आणि त्यांची बांधेसूद उत्तरे तिच्यात आहेत. तिचा शेवटचा भाग सगळाच प्रार्थनेवर आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेचे एकेक कलम घेऊन, त्यात देवापाशी नेमके काय मागितले जाते हे त्यात उलगडले आहे. ही पद्धत अक्षरओळख नसलेल्यांनाही जमणारी होती. शिकवणाऱ्याने प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी एका सुरात उत्तर द्यायचे.

दुसरी सवय वडीलमंडळींच्या देखरेखीची. प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये पाळक एकटा कारभार करत नाही. मंडळीने निवडलेले वडील त्याच्यासोबत बसतात. बाप्तिस्म्यापूर्वी उमेदवाराची परीक्षा घ्यायची, प्रभुभोजनाला कोणाला बसू द्यायचे ते ठरवायचे, दारू, मारामारी, मूर्तिपूजेकडे परतणे किंवा बायकोला टाकणे अशा कारणांवरून सभासदाला काही काळ प्रभुभोजनापासून दूर ठेवायचे आणि पश्चात्ताप दिसला की परत घ्यायचे, ही कामे वडील करत. जातपंचायतीचा अनुभव असलेल्या लोकांना ही रचना अनोळखी वाटली नाही. फरक होता तो परत घेण्याच्या रीतीत. दंड किंवा जेवणावळ लागत नसे. मंडळीसमोर चूक कबूल करून सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली की माणूस पुन्हा पंक्तीत बसे.

जातीची भिंत मात्र एवढ्याने पडली नाही. महार आणि मांग या दोन्ही समाजांतून ख्रिस्ती झालेली कुटुंबे एका छताखाली उपासना करू लागली, तरी त्यांच्यात सोयरिकी जमणे पुढे दीर्घकाळ अवघडच राहिले.

स्तोत्राकडून भजनाकडे

स्कॉटलंडच्या फ्री चर्चमध्ये दाविदाची स्तोत्रे छंदोबद्ध करून, वाद्याच्या साथीविना गाण्याची रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तिथे हळूहळू ऑर्गनला जागा मिळाली. हेच गाणे पाश्चात्त्य चालींसह मराठीत आणण्याचा प्रयत्न सगळ्या मिशनांनी केला. इंग्रजी वृत्ताच्या मापात मराठी शब्द बसवताना जोडाक्षरे तुटत आणि ऱ्हस्वदीर्घाची ओढाताण होई. शहरातल्या शाळेत शिकलेल्यांना ही गाणी जमली, खेड्यात ती ओठांवर बसेनात.

वाट निघाली ती अहमदनगरच्या बाजूने. अमेरिकन मराठी मिशनमधील कृष्णराव सांगळे यांनी 1860 च्या दशकापासून ख्रिस्ती कीर्तन रुजवले. पूर्वरंगात सिद्धांत, उत्तररंगात बायबलमधले आख्यान, मधे पदे, साथीला मृदंग आणि टाळ. उधळ्या पुत्राची कथा रात्रभर ऐकत बसणाऱ्या गावकऱ्यांना कीर्तनाची ही बैठक परिचयाची होती. मिशनऱ्यांपैकी काहींना ती फार ‘हिंदू’ वाटली, पण लोकांनी ती उचलून धरली.

या प्रवाहाला उंची दिली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. 1861 साली कोकणात जन्मलेल्या टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढचा मोठा काळ अहमदनगरमध्ये काढला. आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकारामांच्या पुलावरून, असे ते सांगत. त्यांच्या गीतांनी ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहाचा मोठा भाग व्यापला आहे. ‘अभंगांजली’त त्यांनी ख्रिस्ताला उद्देशून अभंग रचले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मागे लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले. 9 मे 1919 रोजी टिळकांचे निधन झाले, तोवर मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी स्वतःच्या भाषेच्या वळणाची प्रार्थना बसली होती.

अभंग इतक्या सहज का पाठ होतो, हे त्याची बांधणी पाहिली की समजते. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. लघुगुरूचे बंधन नाही, त्यामुळे बोलीतले शब्द जसेच्या तसे बसतात. पुढारी एक चरण म्हणतो, बाकीचे तोच परत म्हणतात. तिसऱ्या चरणापर्यंत यमकाची चाहूल लागते आणि आखूड चौथा चरण सगळ्यांच्या तोंडून आपोआप निघतो. दोन-चार संध्याकाळी ऐकले की अक्षर न ओळखणारी बाईही पुढचे चरण सुरू करू शकते. मग जात्यावर बसताना, खुरपणीला जाताना तेच ओठांवर राहते. प्रार्थनेत सातत्य ठेवा, असे पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिले होते. खेड्यातल्या बाईला तसे करण्याचा व्यवहारी उपाय अभंगाने दिला.

मुक्तीतील प्रार्थनामंडळे

प्रार्थनेकडे पाहण्याची आणखी एक रीत केडगावहून आली. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. पुढे पुण्याजवळ केडगावला त्यांचे मुक्ती मिशन उभे राहिले आणि दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुली-बायकांना तिथे आसरा मिळाला. 1904 साली वेल्समध्ये झालेल्या धार्मिक जागृतीच्या बातम्या आल्यावर, 1905 च्या आरंभी रमाबाईंनी रोज पहाटे एकत्र प्रार्थना करणाऱ्या बायकांचा गट केला. आरंभी सुमारे सत्तर जणी होत्या, ती संख्या काही महिन्यांत शेकड्यांवर गेली. जून 1905 च्या अखेरीस मुक्तीत जागृतीची मोठी लाट उसळली. मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, पापांची उघड कबुली देऊ लागल्या, रडू आणि गाऊ लागल्या. त्यांच्या तुकड्या नंतर इतर मिशनांच्या ठिकाणीही गेल्या.

शांत, क्रमबद्ध उपासनेची सवय असलेल्या प्रेस्बिटेरियन मंडळींना ही पद्धत बिचकवणारी होती. तरीही तिने दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक म्हणजे, एखाद्या हेतूसाठी दिवसेंदिवस नेमाने प्रार्थना करण्याची रीत. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेची कथा आहे. विधवांच्या आश्रमात तिला वेगळेच वजन आले. दुसरी, बायकांनी मंडळीत मोठ्याने प्रार्थना करण्याची. पाळक आणि वडील या जागा तेव्हा पुरुषांच्याच होत्या, पण प्रार्थनेचा आवाज बायकांचा झाला. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करण्यात घालवली. ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापले गेले. एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले.

खेड्यातली प्रार्थनासभा

गावोगाव ही परंपरा पोचवण्यात बायबलबाईंचा वाटा मोठा. मिशनच्या पगारावर काम करणारी ही बाई बहुधा विधवा किंवा प्रचारकाची पत्नी असे. ती वस्त्यांवर फिरे, आजाऱ्यापाशी बसे, बायकांना भजने शिकवी, गोष्टी सांगे आणि जमेल तिला अक्षरे गिरवायला लावी. ज्या घरात पुरुष पाळकाला ओसरीपलीकडे जाता येत नसे, तिथे ती चुलीपर्यंत पोचत असे.

घरातली प्रार्थना दिवसातून दोनदा, पहाटे आणि दिवेलागणीनंतर. जेवणापूर्वी घरातले वडील माणूस दोन वाक्यांत आभार मानते. आठवड्यातून एकदा संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरते आणि तिची पाळी फिरती असते. सतरंजी अंथरलेली, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, चपलांचा ढीग उंबऱ्याबाहेर. पेटी, तबला किंवा ढोलकी, टाळ आणि खंजिरी. आधी दोन-तीन भजने होतात. मग पापांगीकाराची प्रार्थना आणि शास्त्रवाचन. नंतर साक्ष. कोणी तापातून उठलेल्या मुलाबद्दल बोलते, कोणी नवऱ्याची दारू सुटल्याबद्दल, कोणी अजून न सुटल्याबद्दल. त्यावर छोटा संदेश, मग मध्यस्थीची प्रार्थना. तिच्यात आजाऱ्यांची नावे, परीक्षेला बसलेल्या मुलांची नावे, ऊसतोडीला किंवा शहरात कामाला गेलेल्यांची नावे घेतली जातात आणि पाऊस लांबला असेल तर पावसासाठीही मागणे होते. शेवटी सगळे उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हणतात, आशीर्वाद होतो आणि घरमालकीण चहा आणते. नावे घेऊन प्रार्थना करण्याची ही रीत हजेरीसारखेच काम करते: दोन आठवडे कोणी आले नाही, तर तिसऱ्या आठवड्यात त्याच्या दारात कोणीतरी उभे असते.

वर्षाचे चक्रही असेच बांधलेले आहे. राख बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरील सात उद्गारांची उपासना, पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटेची प्रभातफेरी, नाताळ आणि 31 डिसेंबरच्या मध्यरात्रीची उपासना. शेतकरी मंडळींचा आवडता सण कापणीचा. ज्वारीचे कणीस, कापूस, तुरीच्या शेंगा, भोपळा, अंडी, कोंबडी असे जे पिकेल ते वेदीपुढे आणून ठेवतात. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एखादा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पटीने जातो, कारण घेणारा तो मंडळीच्या निधीसाठी घेतो आणि कधी कधी परत लिलावालाच ठेवतो. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या मजुरालाही या दिवशी मूठभर धान्य घेऊन देणाऱ्याच्या जागी उभे राहता येते.

स्वातंत्र्यानंतर

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थानातील निजामाची राजवट संपली आणि 1960 साली मराठवाडा महाराष्ट्रात आला. परदेशी मिशनरी एकेक करून परतले आणि कारभार भारतीय पाळकांच्या हाती आला. त्याआधीच, 1924 साली, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांनी मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी स्थापन केली होती. त्यामुळे जालन्याची स्कॉटिश परंपरा आणि अहमदनगरची अमेरिकन परंपरा एका छत्राखाली आल्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चेसच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. प्रेस्बिटेरियन वडीलमंडळी आणि अँग्लिकन बिशप आता एकाच रचनेत बसले. मराठवाड्यातील रोमन कॅथलिकांसाठी 1977 साली औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

विश्वासात टिकून राहण्याची नवी कसोटी कायद्याने आणली. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने या जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या ठेवल्या. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे एकाच वस्तीतल्या दोन भावांपैकी कागदोपत्री हिंदू मातंग, म्हणजे मांग, असलेल्याला अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीचा आणि नोकरीतील राखीव जागांचा लाभ मिळतो, तर ख्रिस्ती नोंद असलेल्याला तो मिळत नाही. पूर्वी बलुत्याने जो पेच टाकला, तोच दाखल्याने पुन्हा टाकला. काही कुटुंबांनी नोंद बदलली नाही, पण रविवारची उपासनाही सोडली नाही. काहींनी नोंदीसह सगळे उघड ठेवले आणि नुकसान सोसले. 1956 साली नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारल्यावर मराठवाड्यातील महार समाज मोठ्या प्रमाणावर त्या वाटेने गेला. ख्रिस्ती मंडळींपुढे त्यानंतर विश्वासाबरोबरच आपण कोणाच्या बाजूचे, हा प्रश्नही आला.

अलीकडच्या दशकांत पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या वाढल्या. शुक्रवारची किंवा महिन्यातल्या ठरावीक दिवसाची उपवास-प्रार्थना, आजाऱ्यांसाठी हात ठेवून केलेली प्रार्थना, टाळ्यांच्या ठेक्यावरची नवी गाणी ही त्यांची वैशिष्ट्ये. तिथे येणारी बरीच माणसे बाप्तिस्मा न घेताही नियमित प्रार्थनेला बसतात. जुन्या मंडळीतले लोक या उत्कटतेकडे कधी संशयाने, कधी कौतुकाने पाहतात. पण पेटी, ढोलकी, साक्ष आणि नावे घेऊन केलेली मध्यस्थी दोन्हीकडे तीच आहे. मोबाइलवर ऐकता येणाऱ्या मराठी बायबलमुळे, वाचता न येणाऱ्यांसाठी शास्त्र कानांनी ऐकण्याची जुनी सोय नव्या रूपात परत आली आहे.

या दीडशे वर्षांत जालना मुलखातील ख्रिस्ती माणसाला आधार देणाऱ्या संस्था अनेकदा बदलल्या. दिवाणाची जमीन, स्कॉटलंडचा पैसा, मिशनची नोकरी हे सगळे काळाच्या ओघात सरले किंवा आटले. जे टिकले ते कमी खर्चाचे होते: मराठी छंदात बांधलेली आणि पाठ असलेली प्रार्थना, वडिलांची देखरेख, बायकांचा पुढाकार, फिरत्या पाळीची घरगुती सभा आणि कापणीचे दान. मिशन असताना ते त्याच्या सावलीत चालले, मिशन गेल्यावर स्वतःच्या बळावर. जिथे हे घटक एकत्र राहिले, तिथे मंडळी लहान असली तरी तग धरून राहिली. जिथे उपासना फक्त रविवारच्या प्रवचनापुरती उरली, तिथे एका पिढीत ती विरळ झाली.